बँडचा टीशर्ट विकायला काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती स्वतःची गाणी वाजवणाऱ्या, पाठीशी रेकॉर्ड लेबल किंवा मोठी कंपनी नसलेल्या बँडसाठी आहे. खालचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. गाव, हंगाम आणि सुताचा भाव बदलला की तेही बदलतात. हिशेबाची पद्धत मात्र तीच राहते, आणि बहुतेक बँडचे पैसे तीच न पाळल्यामुळे बुडतात.

आमच्या बँडला टीशर्टची गरज आहे का?

कार्यक्रमाला पंचवीस माणसं येत असतील आणि त्यातली निम्मी मित्रमंडळी असतील, तर अजून नाही. मित्र टीशर्ट फुकट मागतात आणि ते चुकीचंही नाही. अनोळखी माणसं तुमच्या गाण्याचे शब्द म्हणू लागली, कार्यक्रमानंतर थांबून «काही विकायला आहे का» असं विचारू लागली, की टीशर्टचा विचार करा. तोवर स्टिकर आणि बॅज ठेवा. दोन्हींत पैसे फार अडकत नाहीत आणि दोन्हींना साइज नसते. या धंद्यात साइज नसणं हा मोठा गुण आहे.

पहिल्यांदा किती पीस छापावेत?

आधी कागदावर हिशेब मांडा. समजा, १०० काळे टीशर्ट छापायचे आहेत. कोरा टीशर्ट २०० रुपये, म्हणजे २०,००० रुपये. पुढच्या बाजूला दोन रंग आणि त्यांच्याखाली पांढरा थर, म्हणून तीन स्क्रीन, म्हणजे छपाईच्या जाळीच्या तीन फ्रेम. प्रत्येकी ४०० प्रमाणे १,२०० रुपये. त्या छपाईचे पीसमागे ४५, म्हणजे ४,५०० रुपये. पाठीवर एक रंग: एक स्क्रीन ४०० आणि छपाई २,००० रुपये. लेबल आणि पिशवी पीसमागे १२, म्हणजे १,२०० रुपये. वाहतूक १,००० रुपये. चित्रकाराचं मानधन १०,००० रुपये. एकूण झाले ४०,३०० रुपये.

आता १०० पैकी विकायला किती उरतात ते बघा. दोन-चार पीस डागाळलेले किंवा वाकडे छापलेले निघतात. बँडमधले चौघं, साउंडवाला आणि चित्रकार यांना एकेक द्यावाच लागतो. हातात राहतात ९०.

विक्रीची किंमत ७०० रुपये ठेवली आणि जागेच्या मालकाला काही द्यावं लागलं नाही, तर ५८ वा टीशर्ट विकला जाईपर्यंत खर्चच वसूल होत असतो. मालकाने २० टक्के घेतले तर तुमच्या हातात पीसमागे ५६० येतात आणि तोच आकडा ७२ वर जातो. म्हणजे सगळा नफा शेवटच्या १८ टीशर्टांत आहे, साधारण १०,००० रुपये. घरी २० टीशर्ट पडून राहिले की नफा गेलाच, वर थोडी पदरमोडही झाली.

म्हणून पहिली ऑर्डर ५० ते ६० पीसची द्या. पीसमागे खर्च जास्त येतो, हे खरं आहे. २०० छापले तर प्रत्येक पीस स्वस्त पडतो, हे छपाईवाल्याचं म्हणणंही खरं आहे. पण न विकलेला टीशर्ट स्वस्त पडला काय आणि महाग पडला काय, त्याचे पैसे परत येत नाहीत.

साइज कशा वाटून घ्याव्यात?

काळा, सरळ कटचा, सर्वांना चालणारा टीशर्ट असेल तर १०० पीसमागे स्मॉल १२, मीडियम २७, लार्ज ३१, एक्सएल २० आणि डबल एक्सएल १० ही सुरुवात बरी. मेटल ऐकणाऱ्यांत एक्सएल आणि डबल एक्सएल आधी संपतात. कॉलेजच्या महोत्सवांत स्मॉल आणि मीडियम जास्त जातात.

काही बँड पहिल्याच ऑर्डरमध्ये मुलींसाठी वेगळा घट्ट कट काढतात. असं करू नका. पाच साइजच्या दहा होतात आणि प्रत्येक साइजचे जेमतेम पाच-सहा पीस येतात. मुलीसुद्धा सैल टीशर्टच जास्त घेतात. स्मॉल थोडे वाढवा, एक्सएस हवाच असेल तर चार-पाच घ्या.

टेबलावर एक वही ठेवा आणि साइज न मिळाल्यामुळे कोण रिकाम्या हाती गेलं ते तिच्यात लिहा. कोणते टीशर्ट खपले हे शिलकीवरून कळतं. कोणते खपले असते हे फक्त या वहीतून कळतं. पुढच्या ऑर्डरच्या साइज तिच्यावरूनच ठरवाव्यात.

लार्ज म्हणजे किती, हेही आधी विचारून घ्या. एका कारखान्याचा लार्ज छातीला सपाट मोजल्यावर २१ इंच भरतो, दुसऱ्याचा २० इंच. पुरवठादार बदलला की साइजचा तक्ता बदलतो आणि जुनं गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं.

कापड कोणतं घ्यावं?

बहुतेक कोरा माल तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतो, मग तुम्ही तो पुण्यातल्या दुकानातून घ्या किंवा मुंबईतल्या. मागायचं ते असं: शंभर टक्के कॉटन, कोम्ब्ड (विंचरून आखूड तंतू काढलेला) धागा, बायोवॉश केलेलं (वरची लव काढून गुळगुळीत केलेलं) सिंगल जर्सी, म्हणजे टीशर्टचं नेहमीचं विणलेलं कापड, १८० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन). १४० ते १५० जीएसएमचा माल जाहिरातीच्या टीशर्टांसाठी असतो. प्रकाशात आरपार दिसतो आणि चार धुण्यांत गळा लोंबतो. सैल, खांदे उतरत्या कटासाठी २२० ते २४० जीएसएम लागतं. तो टीशर्ट अंगावर भारदस्त दिसतो, पण मे महिन्यात नागपुरात किंवा सोलापुरात कोणी तो घालून बाहेर पडणार नाही.

सगळा माल उचलण्याआधी एक कोरा टीशर्ट घरी आणा. लांबी-रुंदी मोजा, तीन वेळा धुवा, पुन्हा मोजा. पाच टक्क्यांपर्यंत आटला तर चालवून घ्या. बाजूची शिवण पोटावर फिरून आली तर कापड विणताना किंवा सुकवताना पिळलं गेलं आहे. तो माल घेऊ नका. काळा रंग पाण्यात फार उतरत असेल तरीही नको.

कॉटनच्या भावात पॉलिएस्टर मिसळलेला माल गळ्यात मारण्याचे प्रकार होतात. शिवणीतून दोन-तीन धागे काढून सावधपणे जाळून बघा. कॉटनची मऊ राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. हे छपाईसाठीही महत्त्वाचं आहे. लाल किंवा मरून पॉलिएस्टर मिश्रित कापडावर पांढरी शाई तापवली की कापडाचा रंग तिच्यात चढतो आणि दोन दिवसांत पांढरं अक्षर गुलाबी होतं.

स्क्रीन, डीटीएफ, डीटीजी: कोणती छपाई करावी?

पन्नासच्या वर पीस आणि एक ते तीन रंग असतील तर स्क्रीन प्रिंटिंग. याला अजून तोड नाही. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, म्हणून रंग वाढले की खर्च वाढतो. काळ्या कापडावर रंग उठावेत म्हणून खाली पांढरा थर द्यावा लागतो आणि त्याचीही फ्रेम मोजावी लागते. दोन रंग म्हणून भाव घेऊन आलेल्या बँडला बिलात तीन फ्रेम दिसतात, त्याचं कारण हेच.

जाळी विचारून घ्या. तिचा आकडा म्हणजे एका सेंटिमीटरमधले धागे; आकडा मोठा तितकी जाळी बारीक. पांढऱ्या थराला आणि मोठ्या भरीव भागाला ४३टी, बारीक रेषांना ७७टीच्या आसपास. सगळं काम ४३टीवर उरकलं तर बारीक रेषा जाड होतात. बारीक जाळीवर पांढरा थर मारला तर तो राखाडी दिसतो.

शाईचे तीन प्रकार समोर येतील. पाण्याची पिगमेंट शाई हलक्या रंगाच्या कापडावर उत्तम, हाताला लागतही नाही. काळ्या कापडावर प्लास्टिसॉल (तापवल्यावरच पक्की होणारी प्लास्टिकची शाई), किंवा आपल्याकडे ज्याला सरसकट रबर प्रिंट म्हणतात ते. डिस्चार्ज शाई कापडाचा मूळ रंगच काढून टाकते, त्यामुळे प्रिंट कापडाइतकंच मऊ राहतं. ती रिॲक्टिव्ह (कॉटन रंगवायच्या एका प्रकारच्या) रंगाच्या शुद्ध कॉटनवरच चालते. रॉयल ब्लूसारख्या काही रंगांवर ती नीट उठत नाही. छापताना वास येतो. त्या खोलीत खेळती हवा हवी आणि टीशर्ट विकण्याआधी एकदा धुतलेला बरा.

सर्वांत जास्त तक्रारी प्रिंट सोलल्याच्या असतात आणि त्यामागे बहुधा शाई कच्ची राहिलेली असते. साधं प्लास्टिसॉल पक्कं व्हायला शाईच्या पूर्ण थराचं तापमान सुमारे १६० अंश सेल्सिअसला पोचावं लागतं. घाईत कारागीर हॉट गन फिरवतो. वरचा थर सुकतो, खालचा कच्चाच राहतो. प्रिंट दोन्ही हातांनी ताणून बघा. बारीक भेगा पडून आतलं कापड दिसलं तर शाई पक्की झालेली नाही. तो लॉट तिथेच पुन्हा तापवून घ्या. घरी आणल्यावर उपाय उरत नाही.

डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापून, गोंदाची पूड लावून, हीट प्रेसने चिकटवणं. दहा-वीस पीस, फोटोसारखं चित्र आणि उद्या कार्यक्रम, अशा वेळी ते उपयोगी आहे. मोठ्या भरीव चौकोनासाठी ते घेऊ नका. छातीवर प्लास्टिकचा पत्रा बसवल्यासारखं वाटतं आणि घाम आत कोंडतो. रेषांचं, मोकळी जागा असलेलं चित्र डीटीएफवर चांगलं टिकतं. डीटीजी म्हणजे प्रिंटरने थेट कापडावर छापणं. त्याला एका पीसपासून सुरुवात करता येते, पण काळ्या कापडावर छापण्याआधी शाई धरून ठेवणारा प्रीट्रीटमेंटचा फवारा नीट बसला नाही तर पांढरा रंग दुसऱ्या धुण्यात उडतो. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यातच उतरवणं, पॉलिएस्टरच्या पांढऱ्या जर्सीसाठी आहे. कॉटनवर ते बसतच नाही.

देवनागरी अक्षरं छापताना मात्रा तुटतात, अनुस्वार भरून जातो. काय करावं?

फाइल पाठवण्याआधी सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये बदला, म्हणजे ती फॉन्टवर न अवलंबणारे नुसते आकार होतील. छपाईवाल्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो किंवा त्याचं सॉफ्टवेअर जुनं असतं. मग पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. «फाइल बरोबर दिसत होती» या बोलण्याला ५० टीशर्ट छापून झाल्यावर काही अर्थ नसतो. आउटलाइन केल्यावर मराठी नीट वाचता येणाऱ्या आणि बँडबाहेरच्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

अनुस्वार, रफार आणि नुक्ता ही सर्वांत नाजूक ठिकाणं. प्रत्यक्ष छपाईच्या मापात अनुस्वाराचा ठिपका दीड मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका. काळ्यावर पांढरं अक्षर असेल तर ठिपका लहान होतो, कारण फ्रेम धुताना त्याची जाळी पूर्ण उघडत नाही. रंगाच्या पट्ट्यात कापडाचंच अक्षर मोकळं सोडलं असेल तर शाई पसरून शिरोरेषेखालची पोकळी बुजते. अशा अक्षरात ध आणि घ, भ आणि म ओळखू येत नाहीत. त्यासाठी थोडी पातळ शिरोरेषा आणि मोठी पोकळी असलेला फॉन्ट निवडा.

फॉन्टचा परवानाही बघा. «मुक्त» किंवा «बालू» या नावांच्या फॉन्टांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट टीशर्टवर वापरायला हरकत नाही. कुठून तरी उतरवलेला विकाऊ फॉन्ट वापरू नका. आणि ल व श ही अक्षरं मराठी वळणाची आहेत का ते तपासा. अनेक फॉन्टांत आपोआप हिंदी वळण येतं आणि मराठी बँडच्या नावावर ते लगेच खटकतं.

छपाईवाल्याशी काय ठरवून घ्यावं?

चार गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालतील. पहिला पीस पास केल्याशिवाय लॉट चालू करायचा नाही. रंगाचा पँटोन क्रमांक, म्हणजे नेमकी छटा सांगणारा ठरलेला क्रमांक. छपाईची रुंदी आणि गळ्यापासूनचं अंतर. साधारण ३० सेंटिमीटर रुंद आणि गळपट्टीच्या खाली ७ ते ८ सेंटिमीटर. खराब निघालेल्या पीसचा खर्च कोणाचा; कोरे टीशर्ट तुम्ही आणून दिले असतील तर दोन-तीन टक्के खराबी बहुतेक जण तुमच्याच माथी टाकतात, म्हणून शंभरमागे तीन कोरे पीस जास्त द्या.

पास करायला स्वतः जा. फोनवर आलेल्या फोटोत रंग कळत नाही आणि वाकडेपणा तर मुळीच कळत नाही.

वेळेचं गणित महाराष्ट्रात वेगळं आहे. जुलैपासून दहीहंडीची पथकं आणि गणेश मंडळं यांचे टीशर्ट छापायला लागतात. पुण्या-मुंबईचे छपाईवाले अनंत चतुर्दशीपर्यंत मान वर करत नाहीत. निवडणूक आली की तेच. दिवाळीत तिरुपूरचे कामगार गावी जातात. डिसेंबरच्या महोत्सवाला माल हवा असेल तर कोरा माल दिवाळीआधी घरात आलेला बरा. एरवी दहा-बारा दिवस पुरतात.

चित्रकाराला किती आणि कसे पैसे द्यायचे?

आधी पैसे द्या, मग टीशर्ट छापा. «तुझं नाव होईल» हा मोबदला नव्हे. टीशर्ट चित्रामुळे विकला जातो. तुमचं एकही गाणं न ऐकलेला माणूस चांगलं चित्र पाहून थांबतो.

रोलिंग स्टोन्सचं जीभ बाहेर काढलेलं ओठांचं चिन्ह १९७० मध्ये जॉन पॅश या विद्यार्थ्याने काढलं तेव्हा त्याला ५० पौंड मिळाले होते. मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने विकत घेतलं. त्या चिन्हाने मधल्या काळात किती टीशर्ट विकले असतील याचा अंदाज करा. एकरकमी मानधन चुकीचं नाही, पण पुढची वाट मोकळी ठेवा: पहिल्या १०० पीसपर्यंत ठरलेली रक्कम, नंतर प्रत्येक पीसमागे २० ते ३० रुपये, अशी मांडणी दोघांनाही परवडते.

कागद करणं भाग आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचं धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, तोही संपतो. एका पानावर चित्र कोणतं, कशावर छापायचं, किती वर्षं, कुठे, किती पैसे आणि चित्रकाराचं नाव कुठे येईल एवढं लिहा आणि दोघांनी सह्या करा. चित्र संगणकाने बनवून घेतलेलं नाही, कुणाचं उचललेलं नाही, हेही त्यातच लिहून घ्या.

जागेचा मालक विक्रीतला वाटा मागतो. द्यायचा का?

तिकिटाच्या पैशात, खाण्यापिण्याच्या विक्रीत जागेचा हिस्सा असतोच. टीशर्टमध्ये त्याने ना पैसे घातले ना जोखीम घेतली. त्यामुळे आमचं उत्तर स्पष्ट आहे: लहान बँडकडून हा वाटा घेऊ नये. ब्रिटन-अमेरिकेत २० ते २५ टक्के कापून घेण्याची पद्धत रुळली आणि कलाकार त्याविरुद्ध उघड बोलू लागले. फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या ब्रिटिश संघटनेने २०२२ मध्ये वाटा न घेणाऱ्या जागांची यादीच जाहीर केली. २०२३ मध्ये कार्यक्रम भरवणाऱ्या लाइव्ह नेशन या कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या क्लबांत तो घेणं थांबवण्याची घोषणा केली. या बदलाचं कारण कलाकारांनी आकडे मांडले हे आहे. तुम्हीही वरचा ५८ आणि ७२ चा हिशेब मालकासमोर ठेवा.

बोलणी कार्यक्रम ठरतानाच करा. दारात माल उतरवल्यावर बोलणी होत नाहीत, मागणी मान्य करावी लागते. वाटा द्यावाच लागला तर त्या बदल्यात प्रकाश असलेली जागा, टेबल, विजेचा पॉइंट आणि शक्यतो विकणारा माणूस मागा. टक्केवारी निव्वळ विक्रीवर लावायची की कर धरून, हेही लिहून घ्या.

वाटणीत कलाकार किती भोळा ठरू शकतो याचं जुनं उदाहरण बीटल्सचं आहे. १९६३ च्या सुमारास त्यांच्या नावाच्या वस्तूंचे हक्क सेल्टाएब या कंपनीला देताना ९० टक्के कंपनीला आणि १० टक्के बीटल्सच्या बाजूला असा करार झाला. अमेरिकेत त्यांच्या नावाचा माल धडाधड विकला जाऊ लागल्यावर तो बदलून घ्यायला कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या.

टेबल कसं लावावं?

बाहेर जाण्याच्या वाटेवर, उजेडात. अंधाऱ्या कोपऱ्यात काळे टीशर्ट दिसत नाहीत. क्लिपचा एलईडी दिवा आणि एक्स्टेंशन बोर्ड सामानातच ठेवा. प्रत्येक डिझाइनचा एक पीस उंच टांगा. किमती दुरून वाचता येतील एवढ्या मोठ्या लिहा, कारण किंमत विचारायला लाजणारे न विचारताच निघून जातात. बाकी माल साइजप्रमाणे गुंडाळून, साइजची चिठ्ठी बाहेर ठेवून क्रेटमध्ये लावा.

यूपीआयचा क्यूआर दोन ठिकाणी लावा आणि साउंडबॉक्स ठेवा. गर्दीत नेटवर्क बसतं तेव्हा «पैसे गेले» असा स्क्रीन दाखवणाऱ्यांत खोटे स्क्रीनही असतात. कॉन्सर्टच्या आवाजात साउंडबॉक्स ऐकू येत नाही, तेव्हा बँकेच्या ॲपवर नोंद बघितल्याशिवाय पीस देऊ नका. सुटे म्हणून शंभराच्या वीस-पंचवीस नोटा जवळ हव्यात. किंमत ६९९ न ठेवता ७०० ठेवण्याचं एक कारण हेच.

खरी विक्री शेवटचं गाणं संपल्यावर अर्ध्या तासात होते. त्या वेळी बँडमधलं कोणी तरी टेबलाशी उभं राहिलं की विक्री वाढते. पण पैसे त्याच्या हाती देऊ नका. तो फोटो काढण्यात गुंतलेला असतो. विकायला वेगळा माणूस ठेवा आणि त्याला विक्रीच्या दहा टक्के किंवा ठरलेली रक्कम त्याच रात्री द्या.

मोजणी कशी ठेवावी?

प्रत्येक कार्यक्रमाला एक पान. रकाने असे: डिझाइन, साइज, नेलेले, विकलेले, फुकट दिलेले, परत आलेले. नेलेल्यांतून बाकीचे तीन वजा केल्यावर शून्य यायला हवं. फुकट दिलेल्यांचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत आणि महिन्याभराने आठ टीशर्ट कुठे गेले यावरून बँडमध्ये भांडण होतं. मोजणी निघण्याआधी एकदा आणि टेबल आवरताना एकदा, दोघांनी मिळून. दुसऱ्या दिवशी केलेली मोजणी कधीच जुळत नाही.

जीएसटी लागतो का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. फक्त वस्तूच विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण बँड कार्यक्रमांचं मानधनही घेतो, ती सेवा आहे. दोन्ही एकाच नावाने चालत असेल तर २० लाखांची मर्यादा धरा. दुसऱ्या राज्यात टीशर्ट विकायचे असतील तर उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. बंगळूरचं गिऱ्हाईक वेबसाइटवरून ऑर्डर देतं तेव्हा हा नियम लागू होतो आणि तो बऱ्याच बँडना माहीत नसतो. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावून पैसे घेणं बेकायदेशीर आहे. आपली बाब सनदी लेखापालाला एकदा दाखवून घ्या.

ऑनलाइन कसं विकावं?

आधी ऑर्डर आणि पैसे घ्या, मग छापा. दहा दिवस ऑर्डर उघडी ठेवा, बंद करा, आलेल्या साइजप्रमाणे छापा आणि कार्यक्रमांसाठी वीस पीस जास्तीचे घ्या. पाठवण्याची तारीख छपाईवाल्याने सांगितलेल्या तारखेच्या दहा दिवस पुढची द्या. उशीर झाला तर उशीर झाल्याचं स्वतःहून कळवा.

माल पोचल्यावर पैसे घेण्याची पद्धत ठेवू नका. परत आलेल्या पार्सलचा दोन्ही बाजूंचा खर्च तुमच्यावर पडतो. १८० जीएसएमचा लार्ज टीशर्ट साधारण २०० ग्रॅम भरतो, म्हणजे पिशवीसकट दोन टीशर्ट ५०० ग्रॅमच्या टप्प्यात बसतात. दोन घेणाऱ्याला टपालखर्चात सूट देणं त्यामुळे परवडतं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून मागणी येते. २९ ऑगस्ट २०२५ पासून तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली आयातकराची माफी बंद झाली, त्यामुळे ७०० रुपयांच्या टीशर्टवर कर आणि टपाल मिळून त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. तिथल्याच ऑर्डरप्रमाणे छापून देणाऱ्या छपाईवाल्याला फाइल देणं सोपं. नफा कमी मिळतो, पण माल अडकत नाही.

आमचं डिझाइन चोरून कोणी विकत असेल तर?

मूळ चित्राची तारीख असलेली फाइल, चित्रकाराशी केलेला कागद आणि पहिल्या विक्रीचा पुरावा जपून ठेवा. ऑनलाइन बाजारपेठांच्या तक्रारीच्या अर्जात हेच मागतात आणि कॉपीराइट नोंदवलेला नसला तरी तक्रार करता येते. बँडचं नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवा: कपड्यांसाठी वर्ग २५, कार्यक्रमांसाठी वर्ग ४१. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. अर्ज कोणाच्या नावाने करायचा हे बँडने आधी ठरवावं. एकाच सदस्याच्या नावावर राहिला आणि तो बाहेर पडला तर नावही त्याच्याबरोबर जातं.

कलाकाराच्या नावावर माल विकणाऱ्यांविरुद्ध आपली न्यायालयं उभी राहिलेली आहेत. दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्यांच्या विक्रीवर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या नावाच्या आणि आवाजाच्या परस्पर वापराला अंतरिम मनाई केली.

हाच नियम तुम्हालाही लागतो. परदेशी बँडच्या चिन्हावर आपलं नाव घालून काढलेला टीशर्ट, सिनेमातलं दृश्य, कुणाचा तरी फोटो, यातलं काहीही विनापरवाना छापू नका. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र व्यापारासाठी वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं यांविषयीच्या केंद्रीय कायद्याचं बंधन आहे, तेव्हा बाजारात असे टीशर्ट दिसतात म्हणून आपणही काढू नयेत.

टीशर्ट सोडून काय खपतं?

५८ मिलिमीटरचे बॅज, व्हायनिल स्टिकर आणि भरतकामाचे पॅच. डेनिम जॅकेट घालणारा मेटलचा श्रोता पॅच हमखास घेतो. कापडी पिशवी चांगली चालते, तीही साइजशिवाय. चहा-कॉफीचे मग फुटतात, पोस्टर गर्दीत चुरगळतं. हुडी ३०० जीएसएमच्या वर असते आणि बहुतेक लुधियानाहून येते. आपल्याकडे ती डिसेंबर-जानेवारीतच विकली जाते. फक्त आगाऊ ऑर्डरवर काढा.

आमचं ढोल-ताशा पथक आहे. हेच लागू होतं का?

कापड आणि छपाईबद्दलचं सगळं लागू होतं. पण पथकात घेणारे सदस्यच असतात, त्यामुळे साइज आणि पैसे आधीच हातात येतात आणि शिल्लक राहत नाही. अडचण वेगळी असते: ढोलाचा पट्टा कंबरेवर आणि ढोल पोटावर घासतो, तिथलं प्रिंट एका मिरवणुकीत जातं. चित्र छातीच्या वरच्या भागात किंवा पाठीवर घ्या. घामासाठी कॉटनच बरं. मे महिन्यात ऑर्डर दिली तर गणपतीच्या गर्दीत अडकणार नाही.

पावसाळ्यात माल कसा ठेवावा?

झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, जमिनीपासून वर, प्रत्येक क्रेटमध्ये सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून. गोणीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेल्या टीशर्टला श्रावणापर्यंत कुबट वास लागतो आणि पांढऱ्यावर पिवळे डाग पडतात. प्लास्टिसॉलचं प्रिंट प्रिंटला लागून ठेवू नका; उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई निघते. मध्ये बटर पेपर घाला.

शेवटी उरलेल्या पीसचं काय करायचं?

बहुधा स्मॉल आणि डबल एक्सएल उरतात. वर्ष उलटलं की किंमत एकदाच आणि ठरवून कमी करा. दर कार्यक्रमाला थोडी थोडी कमी केली तर लोक वाट बघायला शिकतात. नवीन अल्बम किंवा दुसऱ्या डिझाइनबरोबर जोडीने द्या. जे डिझाइन पूर्ण संपलं ते लगेच तसंच पुन्हा छापू नका. आधी आगाऊ ऑर्डर उघडा आणि तीस जणांनी पैसे भरले तरच फ्रेम पुन्हा काढा. छपाईवाल्याने जुनी फ्रेम जपून ठेवलेली नसते, ती धुऊन दुसऱ्या कामाला लावलेली असते, म्हणून फ्रेमचा खर्च पुन्हा धरा आणि जिच्यावरून फ्रेम काढतात ती पॉझिटिव्ह फिल्म मात्र पहिल्याच वेळी मागून घेऊन सपाट फाइलमध्ये घरी ठेवा.